बालसंगोपनाचा खर्च नेमका कोण सोसतो?

कापसाची बोंडे फुटू लागली की वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत दिवसाच्या वेळी फारसे कोणी भेटत नाही. देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट, सेलू, आर्वी अशा कोणत्याही तालुक्यात गेले तरी चित्र सारखेच असते. वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर ठरते, म्हणजे शेतातला प्रत्येक तास पैशांत मोजला जातो. त्याआधीचे निंदण असो वा सोयाबीनची सोंगणी, ही कामेही स्त्रियांवाचून उरकत नाहीत. अशा वेळी दोन-अडीच वर्षांच्या मुलाला कोणापाशी ठेवायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो आणि घरोघरी आपापल्या परीने सोडवला जातो. कोठे आजी असते, कोठे शाळा बुडवून घरी राहिलेली थोरली बहीण असते, तर कोठे धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली जाते. या व्यवस्थेला कोणी पैसे देत नाही, म्हणून ती फुकट आहे असे समजले जाते. बालसंगोपनाच्या अर्थशास्त्राची चर्चा या समजुतीपासूनच सुरू करावी लागते.

पाश्चात्त्य देशांत बालसंगोपनाच्या खर्चाचा अभ्यास करताना पाळणाघराची फी आणि कुटुंबाचे उत्पन्न यांचे प्रमाण पाहिले जाते. ग्रामीण विदर्भात अशी फी भरणारी कुटुंबे मोजकीच सापडतील. येथे खर्च होतो तो वेगळ्या नाण्यात. आईचा बुडालेला रोज, आजीचे थकलेले शरीर, बहिणीची बुडालेली शाळा आणि लहानग्याचे अर्धपोटी राहणे, ही ती नाणी होत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीनुसार देशातील १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रियांनी घरातील व्यक्तींच्या संगोपनात भाग घेतला आणि त्यासाठी दिवसाकाठी सरासरी सुमारे १४० मिनिटे दिली. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते व वेळ ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणे ही कामे यात धरलेली नाहीत. एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने काम सांभाळताना जाणारा वेळ तर अशा पाहणीत पुरता उतरणेही अवघड असते.

सेवाग्रामचा वारसा

या प्रश्नाचा विचार वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. आरंभी हा विचार सात वर्षांवरील मुलांपुरता होता. १९४५ च्या सुमारास गांधीजींनी त्याची व्याप्ती वाढवून शिक्षण गर्भावस्थेपासून मृत्यूपर्यंत चालते अशी मांडणी केली. त्यातून ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाची शाखा निर्माण झाली आणि सेवाग्राममध्ये शांताबाई नारुळकर यांनी तिला आकार दिला. स्वच्छता, आहार, खेळ आणि आईशी संवाद यांना तेथे अभ्यासाइतकेच स्थान होते.

त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागड्या साधनांवर उभी राहिलेली माँटेसरी पद्धत खेड्याला पेलणार नाही, म्हणून गावातल्या मातीतून, बियांतून, दगडगोट्यांतून साधने घडवावीत, हा त्यांचा ध्यास होता. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या त्यांच्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना रुजली. थोडक्या खर्चात चांगले संगोपन कसे देता येईल, हाच प्रश्न या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी होता. मात्र त्यातील काटकसर साधनांपुरती होती. मुलांना वेळ देणाऱ्या माणसांच्या बाबतीत ताराबाईंनी वा शांताबाईंनी ती कधी केली नाही. पुढच्या सरकारी योजनांत नेमका हाच भेद पुसट झाला.

अनुदान कशासाठी?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात एकत्र आल्या. १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या योजनेच्या सार्वत्रिकीकरणाचे आदेश दिले आणि सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे बजावले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. जगात एवढे मोठे जाळे क्वचितच आढळेल.

या जाळ्यातून कुटुंबाला मिळणारे अनुदान मुख्यतः अन्नाच्या रूपात येते. २०१७-१८ मध्ये सुधारलेल्या दरानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये ठरले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाच्या आहारावर वर्षाकाठी २४०० रुपये होतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम शिजवलेला आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र शिधा घरी नेण्यास दिला जातो.

योजनेतील उणीव या विभागणीत दडलेली आहे. तीन वर्षांखालील मूल अंगणवाडीत नोंदलेले असते, त्याचे वजन होते, त्याला लस मिळते, त्याच्या वाट्याचा शिधाही घरी जातो. पण ते स्वतः तेथे दिवसभर राहत नाही. या वयाच्या मुलाला थोड्याथोड्या अंतराने दिवसातून अनेकदा भरवावे लागते. शिधा घरात असला तरी भरवणारे हात शेतात असतात. वयाच्या पहिल्या दोन वर्षांतच वाढ खुंटण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच वयात सांभाळाची सोय सर्वांत कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुरट्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ टक्के आढळले. आहारावरचा खर्च थांबलेला नसताना हे प्रमाण जागचे का हलत नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण भरवणाऱ्या हातांच्या टंचाईत शोधावे लागेल.

तीन वर्षांवरील मुलांची अडचण निराळी आहे. अंगणवाडी दुपारी सुटते आणि शेतातले काम संध्याकाळी. मधल्या तासांचे काय करायचे, याचे उत्तर योजनेत नाही. त्यामुळे अंगणवाडीत जाणारे मूल असूनही आईला पूर्ण दिवसाचे काम घेता येईलच असे नाही.

पाळणाघर : कागदावरचे आणि गावातले

नोकरदार आईच्या मुलासाठी पाळणाघर असावे, हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वी मान्य केले. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे होते; १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आणली गेली. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली. राज्याच्या रोजगार हमी योजनेतही कामाच्या जागी मुलांच्या सांभाळाची सोय अपेक्षित होती. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तर स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस मजुरी देऊन नेमावे, असे ठरवून दिले होते.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात या तरतुदींची मर्यादा चटकन ध्यानात येते. हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस गिरणीत पोहोचला की त्यावर काम करणाऱ्या स्त्रीसाठी पाळणाघराचा कायदा होता. तोच कापूस शेतात वेचणाऱ्या स्त्रीसाठी मात्र नव्हता. तिचा मालक आठवड्याला बदलतो, एका शेतात ३० स्त्रिया क्वचितच असतात आणि तिच्या नावाची हजेरीपटावर नोंद नसते. त्यामुळे तिच्या मुलाची जबाबदारी कोणत्याच मालकावर येत नाही. ती सरकारनेच उचलावी लागते.

सरकारने ती काही प्रमाणात उचललीही. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली आणि १ जानेवारी २०१७ पासून तिची जागा राष्ट्रीय पाळणाघर योजनेने घेतली. सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ मुले, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, एक सेविका आणि एक मदतनीस असा तिचा साचा होता. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला २० रुपये, १२ हजार रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांकडून १०० आणि त्यावरील उत्पन्नाच्या कुटुंबाकडून २०० रुपये शुल्क ठरले. म्हणजे फीचा भार हा कुटुंबांपुढचा मोठा अडथळा नव्हता. अडचण दुसऱ्या बाजूला होती. सेविकेचे मानधन ३ हजार आणि मदतनिसाचे दीड हजार रुपये, शिवाय खर्चाचा दहा टक्के वाटा संस्थेने स्वतः उभा करायचा. या अटींवर पाळणाघरे चालवणे संस्थांना कठीण गेले. २०२० मध्ये देशभरात या योजनेतील जेमतेम साडेसहा हजार पाळणाघरे चालू होती. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजना आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची, अशी १७ हजार केंद्रे उभारण्याची दिशा ठरली. दिशा योग्य आहे. पण १४ लाख अंगणवाड्यांच्या तुलनेत हा आकडा फारच लहान आहे.

दर्जा ठरतो कशावर?

स्वस्त पाळणाघर म्हणजे चांगले पाळणाघर नव्हे, हा धडा कॅनडातील क्यूबेक प्रांताने जगाला दिला. १९९७ मध्ये तेथील सरकारने पालकांसाठी दिवसाला केवळ पाच डॉलर दराने बालसंगोपन उपलब्ध केले. २००४ मध्ये हा दर सात डॉलर झाला. स्त्रियांच्या रोजगारात लक्षणीय वाढ झाली. मात्र बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांमधील आक्रमकता, आजारपण आणि सामाजिक कौशल्ये यांवर प्रतिकूल परिणाम नोंदवला. मागणी एकदम वाढली आणि दर्जा तिच्या वेगाने वाढला नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ना-नफा तत्त्वावरील केंद्रांचा दर्जा नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रांपेक्षा बरा असल्याचेही तेथील पाहण्यांत दिसले. याउलट १९६२ ते १९६७ या काळात मिशिगनमधील यप्सिलांटी येथे १२३ गरीब मुलांवर झालेल्या पेरी बालशाळा प्रयोगात प्रशिक्षित शिक्षक, लहान गट आणि घरभेटी यांवर भर होता. त्यातील मुले मोठी झाल्यावर शिक्षण, रोजगार आणि गुन्हेगारीपासून दूर राहणे या बाबतीत इतरांपेक्षा सरस ठरली. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी याच आकडेवारीच्या आधारे बालवयातील गुंतवणुकीचा आग्रह धरला.

आपल्याकडचे संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवते. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांत झालेल्या एका प्रयोगात काही केंद्रांना निवडून, केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देण्यात आली. गनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांच्या या अभ्यासानुसार तेथे शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची गणित व भाषेतील प्रगती सुधारली आणि, विशेष म्हणजे, कुपोषणही घटले. कारण शिकवण्याचे ओझे हलके झाल्यावर मूळच्या सेविकेला आहार व आरोग्याच्या कामासाठी वेळ मिळाला. नवी इमारत नाही, महागडी साधने नाहीत. केवळ एक माणूस वाढले आणि दोन्ही आघाड्यांवर फरक पडला.

खासगी पर्यायाचेही येथे मूल्यमापन हवे. विदर्भात नर्सरी-केजीच्या वर्गांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हटले जाते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी या शहरांतच नव्हे, तर मोठ्या गावांतही ती पसरली आहेत. गणवेश, दप्तर, ऑटोचे भाडे सोसून पालक मुलांना तेथे पाठवतात, कारण पैसे मोजले म्हणजे शिक्षण चांगले, अशी त्यांची भावना असते. परंतु आसाम, राजस्थान व तत्कालीन आंध्र प्रदेश येथील सुमारे १४ हजार मुलांचा मागोवा घेणाऱ्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही समजूत डळमळीत केली. खासगी वर्गांत वयाला न पेलणारे अक्षर-अंकांचे घोकणे आढळले, अंगणवाड्यांत शिक्षणाला पुरेसा वेळच आढळला नाही आणि शाळेसाठीची तयारी दोन्हीकडे अपेक्षेपेक्षा कमी निघाली. ज्या केंद्रांत खेळ, गोष्टी आणि मुलांशी संवाद होता, तेथील मुले पुढे होती. फी आणि दर्जा यांचे नाते पालक समजतात तितके सरळ नाही.

सेविकेच्या वेळेचे मोल

दर्जाचा प्रश्न अशा रीतीने सेविकेपाशी येऊन थांबतो. लसीकरणाची यादी, वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवरील पोषण ट्रॅकर, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे उरकून तिने मुलांना गोष्ट सांगायची असते. महाराष्ट्रात तिचे मानधन २०२३ मध्ये १० हजार रुपयांवर आले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप ५२ दिवस चालला. त्यानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने सेविकेचे मानधन १३ हजार आणि मदतनिसाचे साडेसात हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही कायद्याच्या भाषेत त्या अजून ‘मानसेवी’च आहेत. आई, आजी आणि बहीण यांच्या पाठोपाठ बालसंगोपनाच्या खर्चाचा एक हिस्सा ही चौथी स्त्रीही कमी मोबदल्याच्या रूपाने सोसते.

वर्धा जिल्ह्यातील संस्थांनी या प्रश्नावर बरेच काम केले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने २००३ ते २००८ या काळात अंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील ६७ गावांत बालकांच्या आरोग्यासाठी लोकसहभागाचा प्रकल्प राबवला. गावपातळीवरील समन्वय समित्या हा त्याचा कणा होता. याच संस्थेने युनिसेफ आणि बालविकास विभागाच्या साथीने पुढे ‘आरंभ’ उपक्रम उभा केला. तीन वर्षांखालील मुलांशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे सेविकेने गृहभेटीत व पालक मेळाव्यात आई-वडिलांना दाखवावे, अशी त्याची रचना आहे. यवतमाळ व तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून तो राज्यभर पसरला. सावंगी येथील दत्ता मेघे विद्यापीठानेही जिल्ह्यातील गावांत बालविकासाचे असे प्रयोग केले. या कामांनी पालकांना ज्ञान दिले. त्या ज्ञानाचा उपयोग करण्यासाठी पालकाजवळ वेळ असणे, ही मात्र पुढची पायरी आहे.

करण्याजोगे

छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने २००६ पासून तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवून ही पायरी ओलांडता येते हे दाखवले. गावातील स्त्रिया मोबदला घेऊन मुलांना दिवसभर सांभाळतात, त्यांना वेळोवेळी भरवतात आणि आया निर्धास्तपणे कामावर जातात. वर्ध्यात त्याच धर्तीवर निदान जुलै ते जानेवारी या शेतीच्या धकाधकीच्या महिन्यांत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवणे अशक्य नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा, असा दंडक महाराष्ट्रात आहेच. जिल्हा परिषदेकडेही तसा निधी असतो. शिलाई यंत्रे आणि सायकलींच्या वाटपात संपणाऱ्या या रकमेतून गावातील दोन स्त्रियांचे मानधन निघू शकते. ‘पाळणा’ योजनेतील केंद्रांसाठी जिल्ह्याने मागणी नोंदवावी, ही दुसरी गोष्ट.

हे करताना दोन पथ्ये पाळावी लागतील. पाळणाघराचे काम आहे त्याच सेविकेच्या गळ्यात घातले, तर क्यूबेकची चूक अधिक वाईट रीतीने येथे घडेल. माणूस वाढलेच पाहिजे. आणि पाळणाघराच्या वेळा कार्यालयाच्या नव्हे, शेताच्या घड्याळावर ठरवाव्या लागतील. सकाळी उशिरा उघडून दुपारी बंद होणाऱ्या पाळणाघराचा वेचणीला जाणाऱ्या स्त्रीस उपयोग नाही.

मूल सांभाळण्याचा खर्च टाळता येत नाही; तो कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. तो आजवर शासनाच्या अंदाजपत्रकात अन्नापुरता दिसला आणि उरलेला सारा स्त्रियांच्या आणि मुलींच्या खात्यावर न लिहिताच पडत राहिला. तो उघडपणे मांडला, तर दोन स्त्रियांच्या मानधनात एका गावाच्या आयांचा पूर्ण रोज, मुलींची शाळा आणि लहानग्यांचे वेळेवरचे चार घास साधतात. ग्रामसभेने अंदाजपत्रक हाती घेताना हा हिशेब एकदा तरी करून पाहण्यासारखा आहे.